लुगडे, पातळ आणि पडदा : स्मिता पाटील यांच्या वेषाविषयी

स्मिता पाटील यांच्या वेषाविषयी आजवर जे लेखन झाले आहे त्यात 'साधेपणा' हा शब्द इतक्या वेळा येतो की, तो एकदा उच्चारला म्हणजे आणखी काही सांगावयाचे उरत नाही, असा लिहिणाऱ्यांचा समज झालेला दिसतो. हातमागाची सुती साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळ्यांत काजळ, सैलसर बांधलेले केस, दागिना असलाच तर चांदीचा. आणि हे सर्व काळाच्या पलीकडचे, असा निर्वाळा. १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाची एकतीस वर्षे पुरी होऊन दोन महिने होत नाहीत तोच, त्यांचे निधन झाले. अकाली मृत्यूमुळे व्यक्तीचे चित्र एका जागी थांबते आणि थांबलेल्या चित्राला कालातीत म्हणण्याचा मोह होतो. परंतु साधेपणा हा गुण म्हणून सांगितला जात आहे की वर्णन म्हणून, याचा निवाडा केल्यावाचून हा शब्द समीक्षेत वापरणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. गुण म्हटला की त्याचे श्रेय स्वभावाकडे जाते आणि नटीने पडद्यावर केलेले काम दृष्टीआड होते.

मराठी आणि हिंदी चित्रपटांत साध्या वेषाला एक ठरीव अर्थ पूर्वीपासून चिकटलेला आहे. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटात आईचे लुगडे दारिद्र्य सांगते, पण त्याहून अधिक ते तिची सात्त्विकता सांगते. बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) आणि 'बंदिनी' (१९६३) या दोन चित्रपटांत नूतन यांनी नेसलेल्या साड्यांचीही हीच कथा. नूतन यांचा अभिनय अतिशय संयत आहे, याविषयी दुमत होऊ नये. तथापि अभिनयाला सुरुवात होण्यापूर्वीच साडी आपला निकाल देऊन मोकळी झालेली असते : ही स्त्री सोशीक आहे, निर्मळ आहे, तिच्यावर अन्याय होणार आहे. जी नटते ती उथळ किंवा दुष्ट, जी नटत नाही ती थोर, असा हा हिशेब. नूतन यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीलाही त्यातून पूर्णपणे सुटता आले नाही. स्मिता पाटील यांच्या महत्त्वाच्या भूमिकांत हा हिशेब मोडलेला आढळतो. तेथे वेष चारित्र्याचा दाखला देत नाही. तो कामाविषयी, जागेविषयी, हवापाण्याविषयी बोलतो. हे विधान पारखून पाहण्यास एखादी कसोटी हवी, आणि ती खानदेशात मिळते.

खानदेश स्मिता पाटील यांना आपल्या मानतो. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील हे शिरपूरचे. समाजवादी चळवळीतून पुढे आलेले आणि राज्याच्या मंत्रिमंडळात काम केलेले नेते. आई विद्याताई या समाजकार्यात होत्या. हा जिव्हाळा समजण्यासारखा आहे, परंतु समीक्षेला त्याचा उपयोग बेताचाच. स्मिताबाईंचा जन्म पुण्याचा (१७ ऑक्टोबर १९५५), शिक्षण पुण्याचे, कारकीर्द मुंबईची. आणि त्यांच्या गाजलेल्या भूमिका गुजरात, सह्याद्रीचे रान, मुंबई आणि बंगाल येथल्या आहेत. त्यांच्या वेषाचा उगम खानदेशात शोधणे म्हणजे कुलवृत्तांत आणि कला यांची गल्लत करणे होय. खानदेशाकडे पाहावयाचे ते वेगळ्या कारणासाठी : साधे वस्त्र म्हणजे प्रत्यक्षात काय, हे येथे कळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या इंपीरिअल गॅझेटिअरमध्ये पारोळ्याच्या व्यापाराचे चार जिन्नस नोंदविले आहेत : गुरे, कापूस, लुगडी आणि धान्य. पारोळ्याचे नाव निघाले की बोलणे किल्ल्यावर जाते, आणि हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ च्या सुमारास उभारलेला म्हणून सांगितला जाणारा तो भुईकोट आहेच तसा; त्यापुढे बाजाराची ही नोंद कोणाच्या ध्यानात राहत नाही. ती मात्र बोलकी आहे. लुगडे येथे गुरे आणि धान्य यांच्या पंक्तीला बसले आहे. म्हणजे शेतकी जीवनाचे एक साधन म्हणून त्याची गणना झाली आहे. आणि ते साधनच होते. नऊवारीचा काष्टा घातला की पाय मोकळे होतात. पदर कमरेला खोचला की हात मोकळे होतात. उन्हात तोच पदर डोक्यावर येतो, वेचलेला कापूस ओटीत जमा होतो, चार पैसे पदराच्या टोकाला गाठीत राहतात. काठ जाड विणलेला असतो तो शोभेसाठी खराच, परंतु वस्त्र प्रथम झिजते ते कडेला, म्हणूनही. गडद रंग धुळीला आणि मातीला पुरून उरतो. या वस्त्रात अनावश्यक असे थोडे आहे, पण त्याला साधे म्हणण्याचे नेसणारीला कधी सुचले नसते. कामाच्या वस्तूला कोणी साधी म्हणत नाही. दुसरी भारी वस्तू परवडत असताना ती बाजूला ठेवणाऱ्याच्याच तोंडी तो शब्द येतो.

पारोळा सुरत-नागपूर हमरस्त्यावर आहे. सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या, छापील, स्वस्त साड्या याच रस्त्याने धुळे, पारोळे, एरंडोल, जळगाव अशा पूर्वेकडे गेल्या. वजनाला हलकी, धुतली की तासाभरात वाळणारी, खळ-इस्त्रीची मागणी न करणारी ही गोल साडी विहिरीवरून पाणी वाहणाऱ्या स्त्रीला का आवडली, हे सांगावयास नको. सुती लुगडे हळूहळू वडीलधाऱ्या बायकांपुरते राहिले. नेमक्या याच काळात शहरातील सुशिक्षित स्त्री उलट्या दिशेने निघाली होती. १९५२ साली अखिल भारतीय हातमाग मंडळ व हस्तकला मंडळ स्थापन झाल्यापासून सरकारी विक्री-भांडारांतून हातमागाचे कापड शहरांत मानाने नांदू लागले. खादीच्या राजकीय परंपरेने त्याला नैतिक अधिष्ठान आधीच दिले होते. ज्या वस्त्राला खेड्यातील बाई निरोप देत होती ते शहरात अभिरुचीची खूण ठरत होते. स्मिता पाटील यांची वेषप्रतिमा उभी राहिली ती या दोन वाटा एकमेकींना छेदतात त्या जागी, आणि म्हणूनच तिची चिकित्सा अवघड होते.

शहरी वाटेचा एक धागा अर्थातच घरातून येतो. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात त्या लहानपणी होत्या. सेवा दलाच्या घरांत कपड्यांतील काटकसर ही शिस्त असे. ही शिस्त खानदेशाला परकी नव्हे : पारोळ्याशेजारच्या अमळनेर येथे साने गुरुजी शिक्षक होते, आणि १९३६ च्या फैजपूर काँग्रेसने खादीला थेट खेड्यात आणून बसविले. पण शिस्तीतून आलेली साधी राहणी आणि कष्टातून आलेले लुगडे या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिलीत नकार आहे, दुसऱ्यात गरज. समाजवादी कुटुंबांतील अनेक मुली सुती साडी नेसत होत्या. त्या सर्वांना पडद्यावर गरज आणि नकार यांतील फरक दाखविता आला असता असे नाही.

मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि स्मिता पाटील तेथे मराठी बातम्या देऊ लागल्या. त्या जीन्सवरच हातमागाची साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत, ही आठवण पुष्कळदा सांगितली जाते. ती गंमत म्हणून सांगितली जाते आणि तिथेच सोडून दिली जाते. वास्तविक तिच्यात बरेच काही आहे. सहज, उपजत साधेपणाची कल्पना या आठवणीने पार निकालात निघते. साडी हा येथे पदाचा वेष आहे, वकिलाच्या डगल्यासारखा; टेबलाच्या वर जेवढा दिसतो तेवढाच खरा. दुसरे असे की, त्या वेळचे प्रक्षेपण कृष्णधवल होते. रंगीत चित्र १९८२ साली आले. प्रेक्षकाला साडीचा रंग दिसतच नव्हता. दिसत होती ती वीण, काठाची गडद रेघ, खांद्यावर पदराची बसलेली घडी आणि कपाळावर काळ्या ठिपक्यासारखे कुंकू. भडक किंवा जरीचे वस्त्र अशा चित्रात केवळ चकाकले असते. जाड्याभरड्या सुताला मात्र छायाप्रकाशात पोत येतो. श्याम बेनेगल यांचे लक्ष या चेहऱ्याकडे वेधले ते दूरदर्शनच्या पडद्यावरूनच. ज्याला पुढे संयत शैली म्हणू लागले त्यातला काही भाग तरी यंत्राच्या मर्यादेने शिकविलेला आहे, असे मानण्यास जागा आहे.

'मंथन' (१९७६) हा पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला चित्रपट. चित्रीकरणाच्या जागी आलेल्या पाहुण्यांना गावातील बायकांत बसलेली नायिका ओळखता आली नाही, अशी त्याविषयी एक आख्यायिका आहे. ही प्रशंसा म्हणून सांगितली जाते. परंतु गर्दीत नाहीसे होणे ही काही नटीची परमसिद्धी नव्हे. पडद्यावर बिंदू मुळीच नाहीशी होत नाही. घाघरा, कापडे आणि ओढणी हा वेष इतर बायकांसारखाच आहे, पण ओढणीशी तिचे वागणे निराळे आहे. परक्या पुरुषासमोर ती सावरणे हा गावाचा रिवाज. बिंदू तो पाळते आणि तसे करताना समोरच्याला जोखूनही घेते. वस्त्र सर्वांचे, हालचाल एकटीची. चित्रपटातील वेषाविषयी लिहिताना कापडाची यादी करून थांबणाऱ्यांच्या हातून नेमकी ही गोष्ट निसटते.

जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' (१९७७) हा या दृष्टीने अधिक कठीण आणि अधिक फलदायी. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील या चित्रपटातील ठाकर स्त्रीचे नावच चिंधी; नायिकेला फाटक्या कापडाच्या तुकड्याचे नाव देणारी कथा वेषाकडे दुर्लक्ष करू देत नाही. नवऱ्याला सोडून आलेली, नाग्यावर मन जडलेली ही स्त्री लुगडे गुडघ्यापर्यंत आवळून नेसते, कारण ती डोंगर चढते. लुगडे आणि चढण यांचा संबंध स्मिता पाटील यांनी पायांत आणला आहे. त्या चढताना कमरेवरची गाठ घट्ट बसलेली असावी असा विश्वास त्यांच्या चालण्यात दिसतो. पुण्यामुंबईची नटी अशा वेषात सहसा जी जपणूक करते, एका हाताने वस्त्र धरून राहण्याची, ती येथे नाही. कापूस वेचणाऱ्या पारोळ्याच्या बाईला भाषा परकी, डोंगर परका, पण खोचणे ओळखीचे वाटावे. तथापि ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत सुरू झाले की लुगडे थोडे अधिक देखणे होते, त्याला नृत्याचा ताल लागतो आणि घामाचा विसर पडतो, हेही नमूद केले पाहिजे. चित्रपट गीतप्रधान आहे. त्याची ही किंमत त्याने उघडपणे मोजली आहे.

'भूमिका' (१९७७) मध्ये प्रश्न स्वतः चित्रपटाचाच विषय बनतो. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर आधारलेल्या या कथेतील उषा ही नटी आहे. भरजरी नृत्यवेषापासून घरगुती साडीपर्यंत तिची वस्त्रे सारखी बदलतात. प्रचलित हिशेबाप्रमाणे जरी उतरली की खरी स्त्री दिसावयास हवी. चित्रपटात तसे होत नाही. विनायक काळे यांच्या वाड्यात उषा दाखल होते, घरंदाज बाईचा वेष करते, सासूची सेवा करते, मुलाला जवळ घेते. आणि याच टप्प्यावर तिला कळते की या घराचा उंबरठा तिला ओलांडता येणार नाही. सर्वांत साधा, सर्वांत प्रतिष्ठित वेष हाच तिचा तुरुंग होतो. भरजरी वेषात ती निदान पोट भरत होती, स्वतः मिळवीत होती. ज्या अभिनेत्रीला पुढे साधेपणाची मूर्ती ठरविण्यात आले तिने वयाच्या बाविसाव्या वर्षी साधेपणाची ही दुसरी बाजू पडद्यावर मांडली होती, आणि याच भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, हे तिचे गोडवे गाणाऱ्यांना आठवत नसावे.

'उंबरठा' (१९८२) विषयी थोडक्यात सांगता येईल. सुलभा महाजनची काठपदराची सुती साडी ही शिकलेल्या मध्यमवर्गीय स्त्रीची आहे; तालुक्याच्या गावी ती मुख्याध्यापिकेच्या अंगावर दिसते. महिलाश्रमात ती अधिकाराची खूण बनते, आणि सुलभाची सहानुभूती कितीही खरी असली तरी तिच्यातील व आश्रमातील स्त्रियांमधील अंतर ती साडी मिटू देत नाही. आजच्या जाहिरातींत व नियतकालिकांत ज्याला स्मिता पाटील शैली म्हणून पुन्हा पुढे आणले जाते ती मुख्यतः सुलभाची साडी आहे. चिंधीचे लुगडे कोणी पुढे आणीत नाही.

शैली वस्त्रात नसते याचा उलट बाजूने पुरावाही त्यांच्याच कारकीर्दीत आहे. रवींद्र धर्मराज यांच्या 'चक्र' (१९८१) मध्ये झोपडपट्टीतील अम्मा उघड्यावर आंघोळ करते. चित्रपटात ते दृश्य आडोसा नसण्याविषयी आहे. पाण्याची जागा एक, वस्ती सारी भोवती. प्रसिद्धीच्या फलकांवर तेच चित्र निराळे झाले. स्त्रीदेहाचा असा वापर करून गर्दी खेचण्याविषयी स्मिता पाटील यांनी आपली नापसंती जाहीरपणे बोलून दाखविली होती. 'नमक हलाल' (१९८२) मधील पावसाच्या गाण्यात तर साडी साधीच आहे, परंतु ती भिजविली आहे आणि कॅमेऱ्याला दुसरे काही पाहावयाचे नाही. तीच नटी, तोच देह, तेच सहा वार; संयम कोठे नाही. यावरून संयत वेष हा नटी, वस्त्र आणि पाहणारा डोळा यांच्यातील करार आहे, आणि तो मोडण्याचे सामर्थ्य नेहमी तिसऱ्या पक्षाकडे असते, एवढे निश्चित होते. याउलट 'मिर्च मसाला' (१९८७) मधील सोनबाई लाल घाघऱ्यात, चांदीच्या दागिन्यांत, मिरच्यांच्या ढिगाऱ्यांत वावरते. रंगाचा एवढा कल्लोळ असूनही वेष तिच्या अंगावर आरडाओरडा करीत नाही, कारण तो तिच्या गावाचा रोजचा आहे. फिक्या रंगाशी संयमाचे नाते जोडणाऱ्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो, आणि तो हलका नाही. मंत्र्याची, पुण्यात शिकलेली मुलगी ठाकरणीचे, झोपडीतल्या बाईचे, दलित शेतमजुराच्या बायकोचे वस्त्र नेसते; त्या वस्त्रासाठी तिचा गौरव होतो; आणि ते प्रत्यक्ष नेसणाऱ्या स्त्रिया मात्र ते टाकून सुरतेची साडी घेतात, म्हणून त्यांच्या रुचीला नावे ठेवली जातात. पारोळ्याच्या आठवडेबाजारात छापील साडी निवडणारी बाई आणि शहरात हातमाग निवडणारी बाई या दोघीही निवडच करीत असतात. पण एकीच्या निवडीला शैली म्हणतात आणि दुसरीच्या निवडीला नाइलाज किंवा अडाणीपणा. हा आक्षेप स्मिता पाटील यांच्या भक्तांवर पूर्णपणे लागू पडतो. खुद्द त्यांच्यावर तो कितपत पडतो? अभिनय म्हणजेच दुसऱ्याचे वस्त्र नेसणे, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. कारण वस्त्र उतरवून ठेवण्याची सोय एकीलाच असते.

या सोयीचा प्रश्न मृणाल सेन यांच्या 'आकालेर संधाने' (१९८०) मध्ये उघडपणे विचारला आहे, आणि त्या चित्रपटात स्मिता पाटील यांनी स्मिता नावाच्या नटीचीच भूमिका केली आहे. १९४३ च्या दुष्काळावर चित्रपट काढण्यासाठी एक मंडळी बंगालमधील खेड्यात येते. बंगालच्या त्या दुष्काळात अन्नापाठोपाठ कापडही दुर्मीळ झाले होते. स्मिता त्या चित्रपटात सावित्री नावाच्या गरीब बाईचे काम करते. चित्रीकरण झाले की ती पुन्हा शहरातली, हसणारी, नीटनेटक्या साडीतली नटी होते. दोन्ही वेषांत ती सारखीच सहज वावरते, आणि ही सहजताच प्रेक्षकाला हळूहळू बोचू लागते. मंडळींच्या उतरण्याच्या जागी दुर्गा नावाची गावातली एक बाई कामाला येते. चित्रीकरण पाहत असताना सावित्रीवर बेतलेला प्रसंग तिला आपलाच वाटतो आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटते. पुढे गावाशी बेबनाव होतो, उरलेले काम कलकत्त्याच्या स्टुडिओत करावयाचे ठरते आणि मंडळी सामान बांधून निघून जातात. सावित्रीची साडी त्या सामानात जाते. दुर्गा गावात राहते; तिचे मूल गेल्याचे आणि नवरा बेपत्ता झाल्याचे प्रेक्षकाला शेवटी कोरड्या आवाजात सांगितले जाते, आणि तिचा चेहरा पडद्यावर लहान लहान होत जातो.